श्रीपाद बोंद्रे यांची पूर्वपरवानगी

श्रीपाद बोंद्रे याला दिलनोझा पहिल्यांदा दिसली तेव्हा केंद्र सरकार काही क्षण बंद पडलं होतं, असं त्याचं म्हणणं आहे. समिती कक्षातले सगळे पंखे एकदम थांबले. संयुक्त सचिवांचा सामोसा चटणीत बुडालेला तसाच राहिला. भिंतीवरच्या तसबिरी माना वाकवून खाली बघू लागल्या, आणि कित्येक वर्षं मेलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं. पंखे वीज गेल्यामुळे थांबले आणि संयुक्त सचिव भाषणं सुरू झाल्यापासूनच पेंगत होते, असा खुलासा त्याच्या सेक्शनमधली मंडळी करतात. घड्याळाबद्दल मात्र तेही काही बोलत नाहीत.

प्रसंग हिंदी पखवाड्याचा होता. दर सप्टेंबरात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पंधरा दिवस राजभाषेचा उमाळा येतो. वर्षभर इंग्रजीत टिपणं लिहिणारी माणसं निबंध लिहितात, कविता म्हणतात आणि ‘जल संरक्षण’ या विषयावर आयत्या वेळी बोलतात. स्पर्धेत हिंदीभाषकांचा एक गट असतो आणि हिंदी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचा दुसरा. या दुसऱ्या गटात पहिलं बक्षीस वर्षानुवर्षं श्रीपादलाच मिळत आलं होतं, कारण त्या गटात वर्षानुवर्षं श्रीपाद एकटाच होता. एक तमिळ अधिकारी होते, पण त्यांची बदली झाली. बक्षीस म्हणून पाणी तापवायची विजेची किटली मिळे. फरीदाबादच्या घरात सुहासिनीबाईंनी, म्हणजे श्रीपादच्या आईने, त्या किटल्या कपाटावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मुलाचं लग्न जमत नाही, निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी दाखवता यावं!

त्या वर्षी नावीन्य म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना हिंदी शिकवणाऱ्या एका संस्थेतून पाहुणी बोलावली होती. ही दिलनोझा. उझबेकिस्तानातल्या फरगान्याची, तिथल्या शाळेत हिंदी शिकवणारी, वरची पदविका घ्यायला वर्षभरासाठी दिल्लीत आलेली. वय बत्तीस, निळा ड्रेस, दोन वेण्या. ती माइकपुढे उभी राहिली आणि असं काही अस्सल, धुतल्या तांदळासारखं हिंदी बोलायला लागली की निम्म्या सभागृहाला ते कळेना. शेवटी श्रीपादकडे वळून ती म्हणाली, “बोंद्रे महोदय का भाषण हृदयस्पर्शी था। किंतु जल संरक्षण पर बोलते हुए उन्होंने स्वयं तीन गिलास जल अधूरा छोड़ दिया।”

सभागृह हसलं. श्रीपादने तिथल्या तिथे तिन्ही ग्लास रिकामे केले. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यातलं त्याचं हे पहिलं आणि शेवटचं साहस. यात कुणाला विचारायची गरज त्याला वाटली नाही.

श्रीपाद कोण, हे इथे सांगायला हवं. वडील मिरजेचे, लेखा विभागातल्या नोकरीसाठी दिल्लीला आले आणि फरीदाबादला फ्लॅट घेऊन, पेन्शन खाऊन, तिथेच वारले. श्रीपाद दिल्लीतच वाढला. त्याचं मराठी आईच्या तालमीत टिकलेलं, पण मधूनमधून ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ची भोकं पडलेलं. ‘उंबरठा’ म्हणजे काय हे त्याला तिसाव्या वर्षी कळलं. मंत्रालयात तो सहायक अनुभाग अधिकारी होता आणि नियमांचा चालताबोलता कोश होता. कुणाची रजा अडकली, कुणाचं औषधांचं बिल परत आलं, की माणसं त्याच्या टेबलाशी येत. तो डोळे मिटून नियमाचा क्रमांक सांगे. त्याच्या सेक्शनमधल्या एका मल्याळी स्टेनोने नेपाळी मुलीशी लग्न केलं तेव्हा तो बिचारा घाबरत आला होता. श्रीपाद हसून म्हणाला होता, “अरे यार, नियम इतनाही कहता है कि सरकार को बता दो. शादी करो, फिर एक पन्ने का अर्ज दे दो. बस.” स्टेनोने लग्न केलं, एक पान दिलं, पेढे वाटले. सगळं दोन दिवसांत आटपलं.

तेव्हा नियम श्रीपादला माहीत नव्हता, असं कुणी म्हणू नये.

पखवाडा संपला तरी दिलनोझा भेटत राहिली. रविवारी दोघं मेट्रोने दिल्ली फिरत. ती रिक्षावाल्याला म्हणे, “भ्राता, करोल बाग तक का क्या लेंगे?” आणि रिक्षावाला घाबरून इंग्रजीत भाव सांगे. दुकान, बाजार, हवा, किताब हे शब्द आपल्या भाषेतही आहेत हे सांगताना ती असा चेहरा करी, जणू तिच्या घरची भांडी शेजाऱ्याकडे सापडलीत. श्रीपाद तिला सरकारी सुट्ट्यांचे प्रकार समजावून सांगे. ती ऐकून घेई. प्रेम याहून वेगळं काय असतं?

सुहासिनीबाईंना कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. “मुसलमान आणि वर परदेशी?” त्या म्हणाल्या. “एकाच मुलीत दोन्ही कशाला शोधलंस? कुठेतरी हात आखडता घ्यायचास.”

पण मुलगी घरी आली आणि बाईंची पंचाईत झाली. ती त्यांचं सगळं ऐकायची. मिरजेचं घर, लाइट गेलेल्या रात्री, धाकट्या जावेचा खडूसपणा, सगळं. मुलांनी हे ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं. ही मात्र मध्येच थांबवून विचारायची, “आई, फिर उन जाऊबाई ने डिब्बा लौटाया?” तिने गाजर घालून भात केला, त्यात मांस घातलं नाही, आणि बाईंनी दोनदा वाढून घेतला. महिनाभरात बाई श्रीपादला न सांगता करोल बागेत गेल्या आणि सांगलीकडच्या एका सोनाराकडे दोन वाट्यांचं मंगळसूत्र सांगून आल्या.

“अगं, अजून काही ठरलं नाही,” श्रीपाद म्हणाला.

“तुझं काही ठरत नाही म्हणूनच मी ठरवलं.”

मग श्रीपादनेही ठरवलं. एका रविवारी बागेतल्या बाकावर तो ताठ बसला आणि म्हणाला, “दिलनोझा, मैंने निश्चय किया है कि हम दोनों विवाह करेंगे।”

ती हसत सुटली. “यह प्रस्ताव है या परिपत्र?”

तो गोंधळला. मग तीच म्हणाली, “ठीक है. माझी पण हो.” मराठीत ‘हो’ म्हणायला ती नुकतीच शिकली होती.

आता गोष्ट अगदी सोपी होती. दिलनोझाचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत होता. त्याआधी लग्न नोंदवलं की त्या दाखल्यावर इथेच राहून भारतीयाची बायको म्हणून व्हिसा बदलून मिळतो. लग्न नोंदवायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची आणि महिनाभर थांबायचं. हातात सगळा हिवाळा होता. श्रीपादची बहीण मृणाल गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत होती. तिने भराभर सगळं वाचून काढलं आणि फोन केला. “दादा, जानेवारीत नोटीस, फेब्रुवारीत लग्न, मार्चमध्ये व्हिसा. मी साक्षीदार. चलो, डन.”

“हो,” श्रीपाद म्हणाला. “फक्त ऑफिसची परवानगी आली की.”

“कसली परवानगी? तूच सांगायचास ना, नुसतं कळवायचं असतं?”

“ते इतरांचं गं. माझं प्रमोशन तोंडावर आहे. उद्या कुणी म्हणायला नको की परदेशी बाईशी लग्न केलं आणि आधी विचारलं नाही. विचारून ठेवलेलं बरं.”

आणि डिसेंबरातल्या एका धुरकट सकाळी, खिडकीबाहेर समोरची इमारतही दिसत नसताना, श्रीपादने स्वतःच्या लग्नाची फाइल उघडली. टिपण सुरेख होतं. त्याने आयुष्यात लिहिलेलं सर्वांत सुरेख टिपण, असं राजीव सरांनीही कबूल केलं. राजीव सर म्हणजे त्याचे अवर सचिव. शेवटचं वाक्य असं होतं: ‘सदर विवाहास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी मिळावी, ही विनंती.’

राजीव सरांनी ते दोनदा वाचलं. “उज़्बेक? बोंद्रे जी, आप तो छुपे रुस्तम निकले.” मग डोळा मारून हलक्या आवाजात, “देख-भाल के. वहाँ की लड़कियों का तो आप जानते ही हैं, दिल्ली में क्या-क्या सुनते हैं.”

श्रीपादची कानशिलं तापली. पण समोर अवर सचिव होते आणि फाइल त्यांच्या हातात होती. तो म्हणाला, “जी सर.”

त्या ‘जी सर’बद्दल त्याने घरी कुणाला सांगितलं नाही.

ज्या गोष्टीला परवानगी लागतच नाही, ती द्यायची कुणी? राजीव सरांना कळेना. त्यांनी फाइल प्रशासनाकडे पाठवली. प्रशासनाने लिहिलं, ‘यापूर्वीचे उदाहरण असल्यास जोडावे.’ उदाहरण नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दक्षता विभागाने विचारलं की संबंधित देशाशी आपले संबंध कसे आहेत. श्रीपादने उत्तर दिलं, ‘सौहार्दपूर्ण.’ दुसऱ्या एका मंत्रालयाने हा विषय आपला नसल्याचं कळवायला सगळा जानेवारी घेतला. एकाने शेरा मारला, ‘प्रस्तुत विवाह पुढे ढकलता येण्यासारखा आहे काय?’ त्यावर श्रीपादने दोन पानं लिहिली. दोन पानांत ‘प्रेम’ हा शब्द कुठे बसेना, तेव्हा त्याने ‘वैयक्तिक निकड’ असं लिहिलं.

“दादा, तू ती फाइल परत मागव,” मृणाल म्हणाली. “किंवा राहू दे तिला तिथे. तू लग्न कर.”

“अगं, आता कसं करणार? विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. एकदा विचारलं की उत्तराची वाट बघावीच लागते. उत्तर यायच्या आत केलं तर ती अवज्ञा.”

“म्हणजे स्वतःच खड्डा खणलास आणि आता त्याचा नियम सांगतोयस.”

मार्चच्या सुरुवातीला फाइल परत आली. श्रीपादने ती उघडली. आत एकच ओळ होती: ‘विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडलेली नाही. जोडून फेरसादर करावे.’

मृणाल त्या रविवारी फरीदाबादला आली होती. तिने ओळ वाचली आणि आनंदाने टाळीच वाजवली. “अरे, हे तुला सांगतायत की लग्न कर आणि दाखला जोड! यापेक्षा आणखी काय पाहिजे तुला?”

श्रीपाद ती ओळ पुन्हा पुन्हा बघत राहिला. “तसं स्पष्ट लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “ते फक्त त्रुटी दाखवतायत. मला लिहावं लागेल की प्रमाणपत्र परवानगीनंतर जोडता येईल.”

“श्रीपाद,” सुहासिनीबाई आतून म्हणाल्या, “तू माझ्या पोटी जन्मलास तेव्हा दाखला आधी काढला नव्हता रे आम्ही.”

श्रीपादने तसं लिहून फाइल फेरसादर केली. पण त्याच आठवड्यात दिलनोझाने आपल्या दूतावासातून अविवाहित असल्याचा कागद आणला आणि श्रीपादला रजा टाकायला लावून त्याला नोटीस द्यायला विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत नेलं. सोबत मृणाल होती. कचेरीत गर्दी होती, तरी तासाभरात नंबर आला. चष्म्यावरून बघणाऱ्या कारकुनाने कागद चाळले, पासपोर्ट बघितला आणि शिक्का हातात घेतला. “सब ठीक है. दोनों यहाँ साइन कीजिए.”

दिलनोझाने सही केली. श्रीपादने पेन घेतलं, थांबला आणि म्हणाला, “सर, मैं केंद्र सरकार का कर्मचारी हूँ. विभाग का अनापत्ति पत्र लगेगा न?”

कारकुनाने मान वर केली. आजवरच्या नोकरीत त्याच्याकडे कागद न आणल्याबद्दल लोक रडले होते, भांडले होते. नको असलेला कागद स्वतःहून कुणी मागितला नव्हता. “नहीं जी. हमें नहीं चाहिए.”

“लेकिन मुझे चाहिए,” श्रीपाद म्हणाला.

मागच्या रांगेतला एक सरदारजी हसला. मृणालने कपाळावर हात मारला. “दादा, सही कर. प्लीज. दादा!”

श्रीपादने पेन खाली ठेवलं. “आठ दिवस,” तो दिलनोझाला म्हणाला. “फाइल आता संयुक्त सचिवांकडेच आहे. आठ दिवसांत होईल.”

बाहेर आल्यावर दिलनोझा पायऱ्यांवर थांबली. समोर फोटोकॉपीवाल्याकडे नवी जोडपी आपापले दाखले प्लास्टिकमध्ये बंद करून घेत होती. ती शांतपणे म्हणाली, “श्रीपाद जी, नियम में लिखा है कि सरकार को केवल सूचित करना है. आपने अनुमति माँगी. और मुझसे अनुमति माँगनी थी. मुझे आपने केवल सूचित किया.”

श्रीपाद म्हणजे दिल्लीभर नावाजलेला टिपणलेखक, पण तोंडी उत्तराला त्याला नेहमीच वेळ लागे.

आठ दिवसांचा महिना झाला आणि महिन्याचा उन्हाळा. संयुक्त सचिव परदेश दौऱ्यावर गेले, आल्यावर बदलले, नव्यांनी फाइल ‘चर्चा करावी’ असं लिहून खाली पाठवली. दिलनोझाची परीक्षा झाली. व्हिसा वाढवून घ्यायला ती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने विचारलं, शिक्षण चालू आहे? नाही. नोकरी? नाही. भारतीयाशी लग्न झालंय? ती म्हणाली, “प्रक्रियाधीन है.” त्याने मान हलवली. यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

जाण्याच्या दिवशी सुहासिनीबाईंनी तिच्या बॅगेत गोडा मसाला, पापड आणि एक किटली कोंबली. विमानतळाच्या दारात दोघी गळ्यात पडून रडल्या. श्रीपाद ट्रॉली धरून उभा होता. “मी लगेच कळवतो,” तो म्हणाला. “ऑर्डर निघाली की तू टूरिस्ट व्हिसावर ये. तो सहज मिळतो. आल्या आल्या नोटीस देऊ.”

“मिलता है,” ती म्हणाली. “पर आपके घर मैं पर्यटक बनकर नहीं आऊँगी.” मग बाईंना वाकून नमस्कार करून ती आत गेली. आत जायला तिकीट लागत होतं. श्रीपादकडे नव्हतं. त्याने दारावरच्या जवानाला विचारलं, आत सोडाल का? जवान नाही म्हणाला. श्रीपाद मागे फिरला.

“मग तू ताश्कंदला जा,” मृणालने नंतर सुचवलं. “तिथे लग्न कर. लोक करतात.”

हे श्रीपादलाही पटलं. पण सरकारी नोकराला खासगी कामासाठी परदेशी जायलाही परवानगी लागते, आणि ही खरोखरच लागते. त्याने अर्ज केला. ‘प्रवासाचे कारण’ या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे ‘विवाह’ असं लिहिलं. तो अर्ज आधीच्या फाइलला जोडण्यात आला आणि वर शेरा पडला: ‘मूळ प्रकरणाचा निर्णय झाल्यावर विचार व्हावा.’

“‘पर्यटन’ लिहायचं होतंस!” मृणाल फोनवर ओरडली.

“खोटं कसं लिहू?”

“इतक्या दिवसांत तू तिला फोनवर काय सांगतोयस? खरं?”

तो तिला सांगत होता की फाइल पुढे सरकली आहे. सुरुवातीला ती रोज फोन घ्यायची, मग रविवारी. पुढे ती फक्त सुहासिनीबाईंचा फोन घ्यायला लागली. बाई तिच्याशी तासभर बोलत, आणि श्रीपाद शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसे. एकदा त्याने बाईंना विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणाली?”

“म्हणाली ना. विचारत होती, श्रीपादजींची तब्येत बरी आहे ना?”

“आणि तू?”

“मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय त्याच्या?”

पुढचा हिंदी पखवाडा आला. श्रीपाद बोलायला उभा राहिला. विषय होता ‘समय का महत्त्व’. त्याच्या गटात त्या वर्षीही तो एकटाच होता. तो अडखळला, दोनदा थांबला, आणि खाली बसला. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

दिवाळीनंतर त्याचं प्रमोशन झालं. दक्षता विभागाने त्याच्याविरुद्ध काहीही प्रलंबित नसल्याचा दाखला दिला. राजीव सरांनी मिठाई मागवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बोंद्रे जी जैसा कर्मचारी ढूँढ के दिखाओ. शादी तक पूछ के करते हैं.” सेक्शन हसलं. श्रीपादही हसला. हातातला बर्फीचा तुकडा त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात फाइल आली. जाड झाली होती, फीत बदललेली होती, कोपऱ्यांवर चहाचे डाग होते. शेवटच्या पानावर नव्या संयुक्त सचिवांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘नियमानुसार अशा विवाहास परवानगीची आवश्यकता नाही. विवाह झाल्यावर कळवणे पुरेसे आहे. कर्मचाऱ्याने नियम नीट पाहावेत. फाइल बंद करावी.’

श्रीपादने खाली ‘पाहिले’ असं लिहून सही केली, तारीख घातली. मग जिन्यात जाऊन, मागचं दार लोटून त्याने दिलनोझाला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. शेवटी तिने उचलला. मागे कुणीतरी बोलत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

“दिलनोझा, अनुमति की आवश्यकता नहीं है,” तो घाईघाईने म्हणाला. “लिखित में आ गया है.”

“यह तो मुझे ज्ञात था, श्रीपाद जी,” ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणूनच त्याला पुढचं काही विचारता आलं नाही.

वसंतात फरगान्याला तिचं लग्न झालं. नवरा दातांचा डॉक्टर आहे.